कोण? मी.

फेरो बेटांच्या उत्तर टोकाला आमचं सतरा घरांचं गाव.
इथे दाराला कुलूप नसतं.
कोणी आलं की आधी बूट काढल्याचा आवाज येतो,
मग माणूस.
आतून "कोण?" विचारलं तर म्हणतात, "मी."
तेवढं पुरतं.

मासळीच्या कचेरीत मात्र
काळ्या खिडकीपुढे मी तासभर ताटकळते आहे.
आज्ञा लिहिते. एंटर.
पलीकडून एकच ओळ:
परवानगी नाही.

पलीकडे म्हणजे कुठे, तेही धड ठाऊक नाही.
यंत्र आहे म्हणतात, पण त्याला अंग नाही;
कुठल्याशा देशात, मोठ्या यंत्राच्या पोटात
भाड्याने घेतलेली एक खोली,
आणि खोलीत
कॉड माशांची एकोणीस वर्षांची मोजदाद.

नवी चावी पाडली. तिचे दोन भाग:
एक द्यायचा, एक कुणाला दाखवायचा नाही.
आठ अक्षरांचा कोड आला, तो ब्राउझरमध्ये भरला,
फोनने विचारलं, तूच का?
मीच, म्हटलं. आज चौथ्यांदा.
सेवेने ओळखलं.
खोलीने नाही.

मग खालच्या खणातून सॉमलचा लॅपटॉप काढला.
बिजागरीत अजून मीठ.
फेब्रुवारीत त्याची होडी परत आली, ओढून आणलेली,
रिकामी.
त्याच्या चावीला परवलीचा शब्दसुद्धा नव्हता.
तोही याच गावचा.

एंटर.
दार उघडलं, एका शब्दाने न विचारता.
"स्वागत, सॉमल.
शेवटचा प्रवेश: नऊ फेब्रुवारी, सकाळी सहा बारा."
बूट घालूनच कुणाच्या घरात शिरल्यासारखं झालं.

आत, ज्यांना येऊ द्यायचं त्यांची यादी:
एकच ओळ.
लांबलचक, कशाचाच अर्थ नसलेली अक्षरं,
आणि शेवटी त्याचं नाव.
खाली माझी ओळ चिकटवली. सुन्वा.
बाहेर पडले, माझ्या मशीनवरून परत आले.
या वेळी "मी" पुरलं.

नियम सांगतो, गेलेल्या माणसाची चावी ठेवू नये.
बरोबरच आहे.
ओळ निवडली. कॉफी करून आले.
बाहेर कुणाचा तरी कुत्रा मेंढ्यांवर भुंकत होता,
कर्सर त्याच्या नावाशी लुकलुकत होता.

खोडली नाही.
ओळीच्या आधी एक हॅश टाकला फक्त.
आता यंत्र ती वाचणार नाही.

मी वाचेन.