चादरीएवढं

मखमलाबादच्या पाटालगत तीन गुंठे,
त्यात माझ्या कमरेएवढं गाजरगवत.
पहिल्या दिवशी सगळ्याकडे एकदम बघितलं
आणि चहा प्यायला घरी परतले.

दुसऱ्या दिवशी जुनी चादर नेली,
निळी, मुलीने हॉस्टेलवर वापरलेली.
गवतावर टाकली. ती तरंगत राहिली.
म्हटलं, आज हिच्याखालचं तेवढं.
रामशेजवर ऊन चढायच्या आत उठायचं.

लव्हाळा काही ऐकत नाही.
वरून तुटतो, खाली गाठ तशीच बसून.
घाणेरीने मनगटावर काढलेल्या रेघा
भाकरी थापताना चुरचुरतात.

थेटेमामा सायकल थांबवून म्हणाले,
"ताई, तणनाशक मारा, आठ दिवसांत मोकळं."
खरंच होतं त्यांचं.
मी मान डोलावली, खुरपं फिरवत राहिले.

सतराव्या चादरीखाली एक नळ निघाला,
गंजलेला, तोटी शाबूत.
पिळला. खरखरला. आलं काहीच नाही.
तरी त्या दिवशी दीड चादर झाली.

आज पहिली जागा पुन्हा हिरवी दिसली.
वाकून पाहिलं, तणच.
मधे मेथीची चार रोपं,
पेरल्याचं मी विसरूनच गेलेले.

चादर झटकली.
गाजरगवताचं बी उडालं,
माझ्याच वाफ्यावर.