शिशाचं गोत्र

शेफील्डच्या ॲटरक्लिफ भागात
मी झाडांच्या अंगावरून दगडफूल खरवडते.
हे आमच्याकडे गोड्या मसाल्यात पडतं म्हटल्यावर
आर्नल्ड ऑकरॉइड खोकेपर्यंत हसले होते.
"म्हणजे धूरच खाता की."

दगडफुलाला मूळ नसतं.
दार नसतं, नको म्हणायची सोय नसते.
वारा जे वाढेल ते पानात घ्यायचं
आणि वर्षाला एखादा मिलिमीटर पसरायचं.

दोषी कोण ते सगळ्यांनी आधीच ठरवलेलं:
कालव्यापलीकडची फाउंड्री.
मीही नकाशावर तिच्याभोवती लाल गोल काढून ठेवला होता.
आणि यंत्रातून आकडे आले ते असे,
की फाउंड्रीच्या कुंपणावरचं दगडफूल
त्या मानानं स्वच्छ,
अन् तिथून पाऊण मैलावरचं
चौदा नंबरचं ॲशचं झाड
शिशानं काठोकाठ.

शिशाला गोत्र असतं.
कुठल्या खाणीतलं, कुठल्या काळातलं,
ते समस्थानिकांच्या प्रमाणात लिहिलेलं;
जळून धूर झालं तरी पुसलं जात नाही.
हे पेट्रोलचं नव्हतं. भट्टीचंही नव्हतं.
रंगाचं होतं,
जुन्या, जाड, थरावर थर दिलेल्या तैलरंगाचं.

चौदा नंबरला पाठ टेकून
वाऱ्याकडे तोंड केलं,
तर समोर ऑकरॉइडांचे घेवड्याचे वाफे,
पत्र्याची खोपी, तिचं वाकडं धुराडं.
सहा शनिवार मी तिथे चहा प्यायले होते
ओले बूट शेगडीकडे करून.

शेगडीमागे दारं रचलेली.
गल्ली पाडली तेव्हा त्यांनी हातगाडीवरून आणलेली
अख्खी गल्ली, आडवी.
पितळी आकडे तसेच: सात, नऊ, अकरा.
"पाच नंबर कालच संपलं," ते म्हणाले,
"मिसेस ग्रिमशॉचं. फार सावकाश जळलं.
ती पण तशीच. निघाली म्हणता म्हणता
उंबऱ्यात तासभर बोलायची."

मी वाक्यं पाठ करून आले होते.
त्यांनी कप पुढे केला.
मी सांगितलं: आधी घेवड्याचं,
मग रक्त तपासून घ्यायचं,
मग धुराचं. क्रम चुकला बहुतेक.

बराच वेळ ते सात नंबरच्या आकड्यावरून
अंगठा फिरवत राहिले.
मग विचारलं,
"तुझ्या त्या फुलात
ग्रिमशॉ किती निघाली?"

मी वही उघडली.