छाट

अकरा वर्षं मी गोदाघाट विकला.
जलरंगात, कोवळ्या उन्हात,
पायऱ्यांवर शोभतील तेवढीच माणसं ठेवून.
बँकेच्या कॅलेंडरवर फेब्रुवारी माझा असायचा.

सिव्हिलच्या फाटकापाशी ठकूबाई सांगळे दिसली
तेव्हा सवयीनं आधी रंगच शोधले:
लुगडं विटकरी, केसपेपरची पिशवी पिवळी.
घरी येऊन रंगवली तर सुंदर दिसायला लागली.
कागद बादलीत बुडवला.

युसूफचाचा कोकणी म्हणाला, दगड पडलेत, ये.
कोकणीपुऱ्यात त्याचा बंद छापखाना,
भिंतीला टेकून शिळा, एकेक दोघांनी उचलायची.
त्याच्या बापाच्या वेळी
सिन्नरच्या विड्यांची लेबलं निघायची त्यांच्यावर.
वाळू, पाणी. वाळू, पाणी.
चार दिवस घासूनही
वाघाची शेपूट जाईना.
"राहू दे," चाचा म्हणाला, "लई मुरलाय तो."

सिन्नरला तिच्या ओट्यावर वही घेऊन बसलो.
मांडीवर सूप,
पान, तंबाखू, गुंडाळी, दोरा,
खोकला,
पान.
वहीत होतं तसंच शिळेवर उतरवलं, तेलकट खडूनं.
तळहात टेकवायचा नाही,
घामाचा डागसुद्धा छापला जातो.

मग डिंक, तेजाब, ओला बोळा, रूळ.
शाई पाण्याला बुजली
आणि फक्त तिलाच धरून राहिली.
काळी. पहिल्यांदाच माझ्याकडे
लुगड्याला रंग नव्हता.

पहिली प्रत घेऊन गेलो.
चष्मा नव्हता, तिनं कागद लांब धरला.
"कात्री डाव्या हातात कशी माझ्या?
डावा अंगठा तर कामातून गेलाय."
शिळेवर उलटं काढायचं असतं,
चाचानं दोनदा सांगितलं होतं.
अकरा वर्षांत फेब्रुवारीतली चूक
कुणी दाखवली नव्हती.

"किती काढल्या अशा?"
तीस, म्हटलं.
ती हसली, मग खोकली, खोकता खोकता परत हसली.
"तीस? मी दिवसाला हजार वळते."
आणि कागद माघारी देत,
ठेकेदार टाकतो त्याच आवाजात,
"ही छाट."

रात्री शिळेवर पुन्हा वाळू पसरली.
पाणी.
सूप गेलं, कात्री गेली.
अंगठ्याला वेळ लागला.
आता खडू हातात आहे, उजवं डावीकडे मांडतोय,
आणि तिच्या पदराखाली
वाघाची शेपूट अजून तशीच.