काकडीचा काप

नऊ दिवस झाले.
इर्मेली चिमट्यात काकडीचा काप धरते,
त्याच्या नाकासमोर जरासा हलवते,
जिवंत असल्यासारखा.

कासव मान आत घेतं.
दार लोटून घ्यावं तसं, आवाज न करता.

उकडलेलं अंडं झालं. सॅमनचा कण झाला.
शेजारच्या तुओवोने गांडुळं आणून दिली,
डब्याच्या झाकणाला भोकं पाडून.

ताम्पेरेत तीनलाच अंधार.
टाकीवर मात्र दिव्याचा उन्हाळा –
त्याला कोण फसतंय?

मुलगा छावणीतून फोन करतो.
आधी तेच विचारतो: खाल्लं का?
हो, थोडंसं.
कुणी, ते ती सांगत नाही.

मग फरशीवर बसून
तो काप तीच खाते, सावकाश,
त्याला दिसेल अशी.

कवचाच्या कडेशी
एक डोळा उघडा.