जांभळट तळ

महिन्याचा दुसरा रविवार. सिडकोत, नंदन बागूलच्या गच्चीवर
आम्ही पाच जण एका खोक्याभोवती.
खोक्यावर चंद्र, दोन अंतराळवीर, खाली बारीक अक्षरांत
चांद्रतळ ७, तुकडे २१४, विहंग प्लॅस्टिक, सातपूर.
सन नाही. सनावरूनच पहिलं भांडण.

बागूलनं पिवळे पडलेले पांढरे तुकडे
पेरॉक्साइडच्या भांड्यात बुडवून उन्हात ठेवलेले,
शेजारी चादरीवर कुणाच्या तरी कुरडया.
डॉक्टर फरीदा कोकणी म्हणाल्या, पाप आहे हे.
चाळीस वर्षांचं वय एका दुपारीत कसलं पुसता?
ठोंबरे म्हणाला, मग तुम्ही लोकांचे दात कशाला पांढरे करता?

नेरकरचं मत, खोकं उघडलं तिथंच किंमत संपली.
त्याच्याकडे एक आहे, सील न तोडलेलं.
कधीमधी कानाशी धरून हलवतो,
आतला आवाज ऐकतो,
परत कपाटात ठेवतो.

मी नोटांच्या प्रेसमध्ये. एकतीस वर्षं तपासणीला.
शाई सरकली, रेघ चुकली, की कागद बाजूला.
इथं मात्र चुकीलाच भाव.
म्हणूनही येत असेन,
नाशिकरोडहून दोन रिक्षा बदलून.

आजची चूक म्हणजे तळाची पाटी.
सगळ्यांकडे ती राखाडी, या खोक्यात जांभळट,
रंग धरू लागलेल्या काळ्या द्राक्षासारखी.
ठोंबरे म्हणाला, दुसरी आवृत्ती, फक्त आखातात गेलेली.
नेरकर म्हणाला, बनावट.
फरीदाबाई म्हणाल्या, त्यांना चंद्रावरची संध्याकाळ दाखवायची असेल.
यावर कुणी हसलं नाही.
चंद्रावर संध्याकाळ कशी होते, हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या शेवंताबाई गांगुर्डे
कुरडया उचलायला वर आल्या.
"आँ? हे इकडं कुठून आलं?"
पाटी पालथी केली, भाकरीचा काठ चाचपावा तसा
अंगठा कडेवरून फिरवला.
"दिवाळीच्या तोंडाशी राखाडी दाणा संपला.
साहेब म्हणं, मशीन थांबाया नको.
द्राक्षाच्या क्रेटचा चुरा पडला होता मागं, त्योच घातला.
दोन रात्री. तिसऱ्या दिवशी ट्रक आला."

ठोंबरेनं विचारलं, पुरावा?
त्यांनी डाव्या हाताचं बोट पुढं केलं. पेरावर पांढरी रेघ.
"कडेचा पापुद्रा ब्लेडनं काढायचो आम्ही बाया.
शेकड्याला चाळीस पैसे.
लई टोचायचं तुमचं हे खेळणं."
थोड्या वेळापूर्वी आम्ही त्याच कडांची तारीफ करत होतो.
काय सफाई, म्हणत होतो.

बागूलनं हळूच विचारलं, तुमच्याकडे एखादं आहे का?
"गेटवर झडती व्हायची.
एक माणूस तेवढा मिळाला, तोंड छापायचं राहिलेला.
आमचा दिगंबर त्याला मुक्या म्हणायचा.
जेवताना तोंडाच्या जागी भाताचं शीत चिकटवायचा,
वाळून पडलं की दुसरं."

नेरकर गुडघ्यांवर पुढं सरकला.
बिनचेहऱ्याचा अंतराळवीर कुणाच्याच यादीत नाही.
कुठाय? किती घ्याल?
शेवंताबाईंनी एक कुरडई मोडली,
कच्ची तर नाही ना बघितली.
"आज कसं सांगू. तो सुरतेहून आला की विचारते.
त्याचा आहे तो."
आणि चादरीची चार टोकं धरून जिना उतरल्या.

मग बराच वेळ कुणी मत दिलं नाही.
ठोंबरेनं वहीत लिहिलं, जांभळट, क्रेटचा चुरा, ऐकीव.
फरीदाबाईंनी 'ऐकीव' खोडायला लावलं.
बागूलनं भांड्यातले तुकडे उलटे केले.
अजून पिवळेच.

सोमवारी दुसऱ्या पाळीत
एक कागद वाकडा छापलेला आला.
बाजूला टाकायच्या आधी
मी तो उजेडाकडे धरला,
आणि पहिल्यांदाच
मागं वळून मशीनकडे बघितलं,
कोण उभं आहे.