तडा गेलेला शिक्का

शिराकच्या पठारावर बर्फ ऑक्टोबरातच येतो.
आमचं घर पत्र्याचं, मालगाडीच्या डब्याएवढं,
भूकंपानंतर दोन वर्षांपुरतं म्हणून दिलेलं.
त्याला आता अकरावा हिवाळा.
आमच्या श्वासांची वाफ भिंतींना धरते,
रात्रीत तिचा बर्फ होतो,
सकाळी मी तो सुरीने खरवडून बादलीत टाकते.
तेवढीच विहिरीची एक खेप वाचते.

गाऱ्हाणं म्हणून नाही सांगत.
तू इथेच आहेस असं तेर हमायाक म्हणतात,
तर मग तुलाही थंडी वाजत असेल.

तेर हमायाक आमचे पाद्री.
उजव्या हाताची तीन बोटं दगडाखाली राहिली,
उरलेल्या दोनांनी आशीर्वाद देतात.
एकदा लहानगा गुर्गेन ते बघून हसला,
तेव्हा तेही हसले, आणि
देवळाच्या शेडमध्ये किती तरी दिवसांनी आवाज घुमला.

एका शनिवारी ते दारात उभे.
काखेत पिठाची पिशवी,
आणि रुमालात गुंडाळलेला लाकडी शिक्का:
अक्रोडात कोरलेला तू, क्रुसावर.
ढिगाऱ्यात सापडलेला,
खांद्यापासून बरगडीपर्यंत तडा गेलेला.
"वर्सेनिक, मला आता पीठ मळवत नाही.
वेदीची भाकर तू कर."

मी म्हटलं, नाही.
ज्या हातांनी नाझेलीच्या वेणीची रिबीन
मातीतून ओढून काढली
(फक्त रिबीन)
ते हात मी तुझ्या शरीराला लावणार नव्हते.
त्यांनी वाद घातला नाही.
पिशवी ठेवली. जाताना म्हणाले,
"झाकून ठेव, उंदीर लागतील."

पिशवी पलंगाखाली गेली.
तुझी प्रार्थना मी तेव्हाही म्हणायचे,
पण "तुझी इच्छा" इथपर्यंतच.
तिथे जीभ अडायची,
वाळूत रुतलेल्या गाडीसारखी.
मग दिवा मालवून झोपायचे.

जानेवारीत शेजारच्या डब्यातली आरुस्याक
खोकून खोकून कागदासारखी झाली.
औषध नको म्हणाली, सूप नको म्हणाली.
वेदीची भाकर हवी म्हणाली, एक घास.

तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी
मी पिशवीची गाठ सोडली.
मीठ नाही, खमीर नाही, नुसतं पीठ आणि पाणी.
विहीर गोठलेली.
बादलीत भिंतीचा बर्फ होता, तोच वितळवला:
माझा श्वास, नवऱ्याचा,
आणि आदल्या रात्री आमच्याकडे येऊन बसलेल्या आरुस्याकचाही.
त्यात पीठ भिजवलं.
मळता मळता मनगटं ऊबदार झाली.
एवढंच झालं. आकाश वगैरे उघडलं नाही.

शिक्का दाबला, उचलला.
तुझ्या छातीवरून ती रेघ
भाकरीवर जशीच्या तशी उमटली.
मी पीठभरल्या हातांनी बघत राहिले.
इतकी वर्षं मला वाटायचं,
तू कुठेतरी वर अखंड बसला आहेस,
आणि मोडलेलं सगळं आमच्याकडे.

रविवारी वेदीवरून ती भाकर घेऊन
तेर हमायाक आरुस्याकच्या उशाशी बसले.
मला धास्ती, दोन बोटांनी ती मोडणार कशी.
पण भाकर रेघेवरच मोडली,
अगदी सहज, जणू तिला ठाऊक होतं.
आरुस्याकने घास चघळला, बराच वेळ.
मग म्हणाली, "पडदा लाव गं, ऊन डोळ्यांवर येतंय."
मार्चमध्ये गेली.

येरेवानला एक सुतार आहे,
नवा शिक्का करून देतो म्हणाला.
मी म्हटलं, राहू दे.

शांती म्हणतात ती हीच का, मला ठाऊक नाही.
रिबीन अजून पेटीत आहे. पेटी मी उघडत नाही.
पण शनिवारी पीठ मळते,
आणि मळताना प्रार्थना म्हणते.
"तुझी इच्छा" इथे आवाज अजून खाली जातो,
तरी पुढे सरकतो.
आता भाकरीपर्यंत येते.

पुढचं क्षमेचं आहे.
कोणी कोणाला, ते आपल्यात अजून ठरायचंय.
तू थांब.
पीठ अजून पुष्कळ आहे.