आवक

सालम चाऊस दर सोमवारी येतात
देगलूर नाक्यावरून चालत.
नांदेडच्या बंद गिरणीतले जॉबर,
मागांच्या आवाजानं कान गेलेले.
हातात अर्ज: वर तारीख, खाली सही.
मी सांगतो, चाचा, आता ॲपवर करा.
ॲपवर चार चौकोन. रस्ता, पाणी, कचरा, इतर.
त्यांची नाली गिरणीच्या भिंतीखालून येते
आणि गिरणी कोणत्याच चौकोनात बसत नाही.

पूर्वी दुसरी पाळी सुटली की
गेटसमोरच्या हॉटेलात नगरसेवक सापडायचा.
आधी शिव्या खायचा, मग चहा पाजायचा,
नाली उपसली जायची,
बहुतेक वेळा.
आता तीन वर्षं प्रशासक.
वॉर्डाची हद्द दोनदा सरकली,
फ्लेक्सवर नुसते भावी, भावी, भावी.

आज नातवाच्या मोबाइलवर निरोप आला:
तक्रार निकाली. कृपया तारे द्या.
चाचांनी तो मला मोठ्यानं वाचायला लावला.
टेबलाभोवतीचे हसले, मीही.
"देतो की तारे," ते म्हणाले,
"पण शिव्या कुणाला द्यायच्या, तेवढं लिहून दे."

आवक रजिस्टर मार्चपासून बंद आहे.
तरी मी ओळ आखली,
क्रमांक टाकला,
आणि 'कोणाकडे' या रकान्यापाशी
पेन तसंच धरून बसलो.